काष्टीच्या रस्त्यावरचे हुलगे

सकाळी साडेदहाच्या सुमाराला नगरच्या माळीवाड्याच्या वळणावर ओव्हरसिअर यज्ञेश्वर निसळ यांच्या मोटारसायकलचं मागचं चाक घसरलं. घसरलं म्हणजे किती, तर फार तर हातभर. नुकताच तिथून पाण्याचा टँकर गेला होता, त्याची तोटी गळत होती, आणि सबंध जिल्हा त्या वर्षी थेंबाथेंबासाठी तडफडत असताना या एका वळणावर मात्र टायर बुडेल असा चिखल झाला होता. दुष्काळात चिखलावरून घसरायचं म्हणजे नशीब लागतं, असं त्यांच्या खात्यातला एखादा चावट कारकून नक्की म्हणाला असता. चाक डावीकडे निघालं, गाडीची शेपूट वळली, आणि मग गाडी आपली आपण सरळ होऊन पलीकडच्या कोरड्या डांबरावर गेली. कडेला पातेलं घेऊन पुढच्या टँकरची वाट बघत बसलेली एक बाई उठून उभी राहिली. "आगं बया! पडले आस्ते की वो सायेब," ती म्हणाली, आणि सायेब पडले नाहीत हे बघून पुन्हा पातेल्याशेजारी बसली.

यज्ञेश्वरने गाडी कडेला घेतली आणि तो नुसताच बसून राहिला. मघाशी त्याने काय केलं, हे तो आठवून बघायला लागला, तर त्याने काहीच केलं नव्हतं असं निघालं. पाय ब्रेकवर गेला नव्हता. मूठ पिळली नव्हती की झटकन सोडली नव्हती. गुडघे टाकीला घट्ट, हात ढिले, आणि डोळे चिखलाकडे नव्हतेच. ते पलीकडच्या सायकलच्या दुकानाच्या पाटीवर होते. जिकडं जायचं तिकडं बघायचं. हे सगळं शरीराने परस्पर करून टाकलं होतं, मालकाला न विचारता. त्याला एकदम इतका आनंद झाला की पस्तिशीच्या माणसाला तो शोभू नये. भर रस्त्यात तो हसला आणि पुटपुटला, "दादा, बघितलं का?" आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाला हाक मारली. बारा वर्षांत हे नाव त्याने तोंडातून काढलं नव्हतं. घरी सरोजिनीला, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी, असा कुणी माणूस नवऱ्याच्या आयुष्यात होता हे ठाऊक नव्हतं.

दादा म्हणजे काष्टीचा सूर्यभान. दुसऱ्या महायुद्धात लष्करात तो निरोप्या होता, मोटारसायकलवरून कागद पोचवणारा. कुठल्या कुठल्या वाळवंटांतून आणि चिखलांतून जाऊन आला, आणि परत आल्यावर श्रीगोंद्याच्या बांधकाम कचेरीत रोजंदारीवर तेच काम करू लागला. कचेरीकडे लष्करी लिलावात घेतलेली एक दांडगी जुनी मोटारसायकल होती, ती सूर्यभानखेरीज कुणाला जुमानायची नाही. साठ साली यज्ञेश्वर तिथे नवा नवा ओव्हरसिअर होऊन गेला, तेव्हा तेवीस वर्षांचा, उंच, किडकिडीत, नगरच्या भिक्षुकाच्या घरातला. वडील विष्णुपंत अजून यजमानांकडे जात होते. घरात सायकलसुद्धा नव्हती. पहिल्या दिवशी साहेब म्हणून तो सूर्यभानच्या मागे बसला, आणि चार मैलांत त्याने सूर्यभानच्या कमरेला अशी मिठी मारली की उतरल्यावर सूर्यभान म्हणाला, "रावसाहेब, मला लगीन झाल्यावर बी कुनी आसं धरलं न्हाई." आसपासच्या गँगमनांसकट सगळे हसले. यज्ञेश्वर लाल झाला, आणि त्याच क्षणी त्याने ठरवलं की ही गाडी आपण शिकायची.

सूर्यभानने त्याला चालवायला शिकवायच्या आधी घसरायला शिकवलं. हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. काष्टीच्या शिवारात सूर्यभानचं खळं होतं, शेणामातीने सारवून गुळगुळीत केलेलं, बाजरीची मळणी नुकतीच उरकलेलं. दादा त्यावर विहिरीच्या चार बादल्या ओतायचा. सारवलेल्या खळ्यावर पाणी पडलं की त्याचं काय होतं हे ज्याने पाय ठेवला त्यालाच माहीत. मग म्हणायचा, "बसा. दुसऱ्या गेरात घ्या. आता मागचा बिरेक दाबा, आन् चाक सुटलं की सोडा." चाक सुटायचं आणि यज्ञेश्वरही सुटायचा. पहिल्या दिवशी तो अकरा वेळा पडला. छबूबाई, सूर्यभानची बायको, बांधावर उभी राहून कपाळाला हात लावायची. "आवो, बामनाचं लेकरू हाय, हाडं मोडली तर त्येच्या आईला काय सांगाल? आन् माझं खळं कोन सारवील?" खळं दुसऱ्या दिवशी तीच सारवायची, शिव्या देत देत. दादा तिच्याकडे लक्ष द्यायचा नाही. "चिखलाकडं बगू नका, लिंबाच्या झाडाकडं बगा. डोळं जिकडं, गाडी तिकडं. हात ढिलं. दह्याचं गाडगं धरल्यागत धरा. आन् काय बी झालं तरी पाय खाली काढायचा न्हाई, पाय जातो." सातव्या की आठव्या दिवशी चाक सुटलं, यज्ञेश्वरने लिंबाकडे बघितलं, आणि गाडी वळवळून सरळ झाली. छबूबाईने बांधावरून टाळी वाजवली. त्याच्या आईने त्याच्या मुंजीतसुद्धा इतका आनंद दाखवला नसेल.

ते दोन महिने आता आठवले की यज्ञेश्वरला वाटे, आपण खरे जगलो ते तेवढेच. हिवाळा होता, विहिरींना पाणी होतं. सकाळी धुक्यात गाडीचा आवाज सगळ्या शिवारात घुमायचा. संध्याकाळी चुलीपुढे बसून छबूबाई गरम भाकरी थेट त्याच्या ताटात टाकायची. घरी कळलं असतं तर विष्णुपंतांनी त्याला गोमूत्र पाजलं असतं, म्हणून त्याने ते कळूच दिलं नाही. जेवता जेवता दादा बोलत राहायचा, आणि बोलणं सगळं रस्त्याचं. वळणाच्या आत बिरेक लावतो तो गाढव, बिरेक वळणाच्या आधी. खडीवर गाडीला आपली वाट धरू द्यायची, तिच्याशी भांडायचं नाही. नवा टायर चकाकतो, त्याच्यावर पहिले शंभर मैल इमान ठेवायचं नाही. पुलावरचं डांबर पहाटे ओलं असतं. उसाची गाडी पुढे असेल तर पाचटावरून जायचं नाही. आणि मार्गशीर्षात डांबरी रस्त्यावर हुलग्याचे वेल पसरलेले असतात, तिथे ना बिरेक, ना मूठ, ना हँडल. "देवाचं नाव घ्या आन् सरळ जावा." पाऊण पोट भाकरी आणि पाव पोट असलं ज्ञान घेऊन यज्ञेश्वर रात्री खोलीवर जायचा आणि झोपेत लिंबाच्या झाडाकडे बघत राहायचा.

बाईचं पातेलं अजून रिकामंच होतं. यज्ञेश्वरला खरं तर शेवगाव रस्त्याच्या खडी केंद्रावर जायचं होतं. तिथे हजार माणसं दुष्काळी कामावर दगड फोडत होती आणि ओव्हरसिअरची वाट बघत होती. शेवगाव, पाथर्डी, नेवासे. बारा वर्षं त्याने बदल्या मागून घेतल्या त्या सगळ्या याच अंगाच्या. दौंड रस्त्याचं, म्हणजे काष्टीच्या अंगाचं, काम आलं की त्याला ताप यायचा, नाहीतर वडिलांचं श्राद्ध निघायचं. एका वर्षी दोनदा श्राद्ध निघालं तेव्हा हेडक्लार्क नुसता हसला होता. आज त्याने गाडी सुरू केली, आणि शेवगावकडे वळायच्या ठिकाणी हँडल वळलं नाही. गाडी स्टेशनच्या अंगाने निघाली. डोळे जिकडे, गाडी तिकडे, हे त्याला त्या घटकेला कळलं असं मात्र नाही. त्याला कळलं ते दौंड रस्त्याचा पहिला मैलाचा दगड मागे पडल्यावर. आता जाऊन सांगावं लागणार होतं, आणि सांगायचं ते छबूबाईसमोर, सूर्यभानसमोर, तोंडाने. परत फिरता आलं असतं. प्रत्येक फाट्यावर त्याने तसा विचार केला आणि प्रत्येक फाटा मागे टाकला.

दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं. त्या दिवशी, बारा वर्षांपूर्वी, ही सगळी रानं भरलेली होती. त्याने हट्ट धरला होता, आज मी चालवणार, तुम्ही मागे बसा. त्याच्याकडे परवाना नव्हता, नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि कचेरीच्या वाहनाला हात लावायची त्याला परवानगीही नव्हती. दादा म्हणाला, "बगा बरं." आणि बसला, कारण शिष्याने चालवलेल्या गाडीवर मागे बसायची त्यालाही हौस होती. काष्टी दोन मैलांवर आली आणि रस्त्यावर हुलग्याचे वेल पसरलेले दिसले. लोकांची ही रीतच. मोटारी-लॉऱ्या वेलांवरून गेल्या की शेंगा फुटतात, मळणी आयती होते, बैल लागत नाहीत. वेलांवरून तो झकास गेला. ना ब्रेक, ना मूठ. पाठीवर दादाची थाप पडली. आणि वेल संपले तिथे, पुढे, एका म्हातारीने पाखडून स्वच्छ केलेले हुलगे वाळत घातले होते, रस्त्याच्या निम्म्या रुंदीत, तांबूस, चकाकणारे. तोवर तो चारा होता. आता ते धान्य होतं. निसळांच्या घरात भाताचं शीत पायाखाली आलं तर ते उचलून कपाळाला लावायचं आणि मग बाजूला ठेवायचं. लहानपणी शिताला पाय लागला म्हणून विष्णुपंतांनी त्याला संध्याकाळपर्यंत उपाशी ठेवलं होतं. त्याने ठरवून काहीच केलं नाही. अन्नावर चाक जाणार, एवढं डोळ्यांना दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला. सबंध जोर लावून गेला. शेतकऱ्याच्या पोराचा गेला नसता; शेतकऱ्यांनीच तर ते वाळत घातले होते रस्त्यावर.

हुलग्यांनी चाक उचलून नेलं. गाडी डावीकडे पडायला लागली, सगळं वजन यज्ञेश्वरच्या पायावर येणार होतं, आणि तेवढ्यात मागच्या माणसाने आपला पाय खाली काढला. पाय काढायचा नाही हे ज्याने शिकवलं त्याने काढला आणि गाडी क्षणभर तोलून धरली. त्या क्षणात यज्ञेश्वर बाजूला फेकला गेला. कोपर खरचटलं, एवढंच. दादाचा गुडघा गाडीखाली फिरला तेव्हा झालेला आवाज त्याला अजून कधी कधी सुपारी फोडताना ऐकू येई. म्हातारी धावत आली ती आधी हुलगे गोळा करायला, मग माणसं. पुढे दवाखान्यात इंजिनिअरसाहेब आले. यज्ञेश्वर तोंड उघडणार तोच खाटेवरून सूर्यभान म्हणाला, "मी चालवीत हुतो सायेब. रावसाहेब मागं हुते. माजी चुकी." आणि यज्ञेश्वरकडे बघितलं, गप्प राहा म्हणून. साहेबांनी कागद पुढे केला. यज्ञेश्वरचं अक्षर पहिल्यापासून सुंदर होतं. त्या सुंदर अक्षरात त्याने लिहिलं की वाहन सूर्यभान चालवीत होता व मी मागील आसनावर होतो. खाली सही केली. दादाला वाटलं होतं, आपल्याला चार शब्द ऐकावे लागतील आणि पोराची नोकरी वाचेल. झालं असं की पोराची वाचली आणि त्याची गेली. पाय काठीसारखा ताठ राहिला, रोजंदारी सुटली, पुढच्याच वर्षी जे लोक कायम झाले त्यांत त्याचं नाव राहिलं नाही. यज्ञेश्वर दोनदा भेटायला निघाला आणि दोनदा एस.टी. स्टँडवरून परत आला. मग बदली मागितली. आपण नीच आहोत हे त्याला माहीत होतं, पण ते माहीत असूनही माणूस जेवतो, लग्न करतो, दिवाळीला उटणं लावतो, आणि बारा वर्षं जातात.

काष्टीच्या अलीकडे दोन मैलांवर रस्ता नुसता रस्ता होता. हुलगे कुठले, पेरलंच नव्हतं कुणी. त्या जागेवरून जाताना त्याने जागा ओळखलीसुद्धा नाही, पुढे गेल्यावर कळलं.

घर तेच होतं. ओसरीवर सूर्यभान एक पाय लांब करून बसला होता, केस सगळे पांढरे, अंगावर बंडी, आणि कुणाच्या तरी पाणी ओढायच्या इंजिनचा कसलासा भाग रॉकेलने पुसत होता. यज्ञेश्वरने गाडी लावली. सूर्यभानने आधी गाडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमललं की यज्ञेश्वरला तिथल्या तिथे मान खाली घालावी लागली. "मागच्या टायरात हवा ज्यादा हाय," सूर्यभान म्हणाला. "या रावसाहेब. बसा."

छबूबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्या वर्षी पाण्याचा तांब्या पुढे करणं म्हणजे काय हे यज्ञेश्वरला कळत होतं, त्याने दोनच घोट घेतले. ती खाली बसली, डोळ्याला पदर लावला आणि कुणी काही बोलायच्या आत बोलायला लागली. "लई दिस लावले, भाऊ. मला ठावं हाय का आला न्हाईत. राग धरला आसंल. धरावाच. दुसऱ्याचं लेकरू मागं बसवून कुनी आसं पाडतं का? मी यांला आजून सांगते, जल्मभर फुशारकी मारली, मी न्हाई पडत, मी न्हाई पडत, आन् पाडलं ते कुनाला, तर आपल्या घरी जेवलेल्या मान्साला. तुमच्या आईपुढं मी कोन्त्या तोंडानं उबी ऱ्हानार हुते? बारा वर्सं झाली, मला त्येची लाज वाटती. तुमी मापी करा."

सूर्यभान इंजिनचा भाग पुसत होता. मान वर न करता, शांतपणे, रोज ऐकल्यासारखा. बारा वर्षं रोज ऐकल्यासारखा. म्हणजे याने हिलाही सांगितलं नाही. यज्ञेश्वरला वाटलं होतं, गावाला सांगितलं नसेल, पण घरात, अंथरुणावर, कधीतरी दुखऱ्या पायाच्या तिरमिरीत तरी सांगितलं असेल, आणि ही बाई आपल्याला दारात उभं करणार नाही. तो शिव्या खायच्या तयारीने आला होता. ही त्याची माफी मागत होती. शिव्या परवडल्या असत्या.

"वहिनी," तो म्हणाला. सूर्यभानने झटकन वर बघितलं. तीच नजर, दवाखान्यातली. "चा टाक गं," सूर्यभान म्हणाला. "रावसाहेब लांबून आलेत." छबूबाई उठायला लागली. ती आत गेली असती तर यज्ञेश्वर चहा पिऊन, हवापाण्याचं बोलून परत नगरला गेला असता. हे त्याला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं.

"वहिनी, बसा. गाडी मी चालवत होतो."

ती अर्धवट उठलेली तशीच राहिली.

"दादा मागे बसले होते. हुलगे बघून मी ब्रेक दाबला. गाडी माझ्या अंगावर येत होती, ती त्यांनी पायावर घेतली. माझी नोकरी जाईल म्हणून त्यांनी चूक आपल्यावर घेतली आणि मी कागदावर खोटं लिहिलं. त्यांनी मला पाडलं नाही. ते कधीच पडले नाहीत." एवढं बोलायला बारा वर्षं लागली आणि बोलून झालं तेव्हा बाहेर एक बैलगाडीसुद्धा पुरती दारावरून गेली नव्हती.

मग सूर्यभानने हातातला लोखंडी भाग खाली ठेवला. त्याचा आवाज रागाने भरला होता, असा यज्ञेश्वरने पूर्वी कधी ऐकला नव्हता. "कशापायी बोललात? तुमाला हलकं झालं, व्हय ना? ही मला बोलायची, आन् मी मनात म्हनायचो, बोल बाई, तुला काय ठावं. पाय गेला, गाडी गेली, येवडं येक माझ्यापाशी हुतं. कुनाला न दावता ठिवलं हुतं. ते बी घिऊन चाललात." हे यज्ञेश्वरच्या मनात कधीच आलं नव्हतं. त्याने बारा वर्षांत या भेटीचे शंभर शेवट कल्पिले होते, आणि त्या सगळ्यांत दुखणारा माणूस एकच होता, तो स्वतः.

छबूबाई नवऱ्याकडे बघत होती. यज्ञेश्वरकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि अगदी हळू म्हणाली, "भाऊ, तुमी आता जावा. पुन्यांदा या, जेवायला या. पन आत्ता जावा."

तो उठला. सूर्यभानला हात जोडले. त्याने बघितलं नाही. अंगणात येऊन त्याने गाडी स्टँडवरून काढली आणि किकवर पाय ठेवला, तेवढ्यात ओसरीवरून छबूबाईचा आवाज आला, लग्न होऊन नुकत्याच आलेल्या मुलीसारखा, अडखळत.

"लई दुखलं हुतं का वो?"

मग सूर्यभान म्हणाला, "व्हय."

यज्ञेश्वरने किकवरचा पाय काढून घेतला. गाडी सुरू न करता तो ती ढकलत निघाला, दुपारच्या उन्हात, मारुतीच्या पारावरून, बाजारतळावरून. लोक विचारत होते, सायेब, बंद पडली का, आणि तो मान हलवून हो म्हणत होता. डांबरी रस्ता लागला तरी त्याने ती सुरू केली नाही, इथला आवाज त्या ओसरीपर्यंत ऐकू गेला असता म्हणून.